गरम पाण्यात पाय सोडल्यावर

आई,

आधी काय घडलं ते क्रमानं लिहिते. मला काय वाटलं ते नंतर.

१. मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओनं बायकांसाठी शृंगारिक चित्रपट केला आहे. त्याच्या आवाजाचं काम माझ्याकडे आहे. ते मी इथूनच करते, आपल्या घरातून.

२. त्यात एका प्रसंगात नायिका खोलीत एकटी असते आणि श्वास सोडते. नटीचा श्वास दिग्दर्शिकेला पटेना, म्हणून माझ्याकडच्या साठ्यातला एक श्वास मी तिथं लावला.

३. तो कुणाचा आहे हे तेव्हा मला कळलं नाही.

४. चित्रपट अर्धवट तयार असताना आपल्या शहरातल्या काही बायकांना दाखवला. त्या श्वासाला हॉल गप्प झाला.

५. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेनं तो श्वास जरा लांबवायला सांगितला. लांबवला तर त्याच्या मागं दडलेला भाग बाहेर आला. त्यात बादलीची कडी वाजते आणि तू म्हणतेस, "काय करायली गं तू? बंद कर ते."

६. शुक्रवारी संध्याकाळी चित्रपटाचा आवाज पक्का होईल. त्यानंतर काही बदलता येणार नाही.

एवढंच घडलं. पाचवा मुद्दा लिहिताना मी थांबले होते, पण त्यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

मी नेमकं काय काम करते हे तुला सांगायचं राहून गेलं. पडद्यावर बाई दार उघडते तेव्हा वाजणारं दार बहुतेक वेळा तिनं उघडलेलं नसतं. मी इथं, मागच्या खोलीत, तुझ्या कपाटाचं दार उघडून ते वाजवलेलं असतं. पावलं, बांगड्या, पेल्यात पडणारं पाणी, असं बरंचसं नंतर करायचं आणि चित्राला चिकटवायचं. काही मी स्वतः करते, काही साठ्यातून काढते. साठा म्हणजे कॉलेजपासून जमवलेले आवाज, एका डिस्कवर. खोलीच्या भिंतींना मी गोधड्या लावल्या आहेत आणि खिडकी कायमची बंद केली आहे. उन्हाळ्यात आत बसवत नाही, कारण पंखा लावला की पंखाच रेकॉर्ड होतो. या चित्रपटात रेशमी चादरी फार आहेत. रेशमी चादरीचा आवाज रेशमाचा चांगला येत नाही, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचा येतो. त्यासाठी मी तुझी हिरवी साडी वापरली. तिचं मला काही वाटलं नाही. साडी ही वस्तू आहे.

बाबा बरे आहेत. त्यांचे कान थोडे गेले आहेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं आहे. शेजारच्या काकूंना ते सांगतात, "पोरगी पिच्चरला आवाज देती." काकू विचारतात, "हिरोईनचा?" "नाय ओ. दाराचा, पंख्याचा, पावसाचा." काकूंना वाटतं ते माझी चेष्टा करतात. कोणता पिच्चर हे अजून कुणी विचारलेलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलेलं नाही.

टीव्हीवर सिनेमा लागायचा आणि नायक-नायिका एका खोलीत शिरले की तू उठायचीस. "कुकर बघून येते." कुकर कधी लावलेलाच नसायचा. बाबा मला म्हणायचे, "जा, पाणी आण." मी आत यायचे तर तू ओट्याशी उभी. काही करत नसायचीस. एक हात ओट्यावर, मान थोडी बाहेरच्या खोलीकडे. माझ्याकडे बघायची नाहीस. गाणं संपल्याचं कळलं की आपण दोघी बाहेर यायचो, मी तांब्या घेऊन, आणि बाबा तहान नसताना पाणी प्यायचे. ही घरातल्या तिघांची ठरलेली पद्धत होती आणि तिच्याबद्दल आपण कधी एक शब्द बोललो नाही. आता मला नेमक्या त्या मिनिटांचा पगार मिळतो. तू ओट्याशी उभी राहून घालवलीस, त्या मिनिटांचा.

हा स्टुडिओ एरवी सणासुदीला सगळ्या घरानं मिळून बघायचे सिनेमे करतो. त्यांना कुणीतरी दाखवून दिलं की बायका असलं काही मोबाइलवर, कानात घालून, एकट्या बघतात, आणि त्यांच्यासाठी म्हणून नीट केलेलं त्यांना काही मिळत नाही. मग वेगळा विभाग निघाला. पहिली बैठक व्हिडिओ कॉलवर झाली. विभागाचा प्रमुख बोलत होता. "बायकांना घाई नको असते. बायकांना त्यांचं ऐकून घेणारा माणूस हवा असतो." आमची दिग्दर्शिका मधे बोलायला गेली. तो म्हणाला, "एक मिनिट, एवढं संपवतो." ती पुन्हा गेली, तो पुन्हा तेच म्हणाला. शेवटी तिनं माईक बंद करून चहा प्यायला घेतला. ते मला दिसत होतं. बैठकीतून निघालं ते असं: मेणबत्त्या, समुद्र, पांढरे पडदे, वाऱ्यावर हलणारे. नायिका बँकेत अधिकारी, लिहिताना पंचेचाळिशीची होती, पडद्यावर येईपर्यंत पस्तिशीची झाली. पुरुषांसाठीचं आणि बायकांसाठीचं यातला त्यांना दिसणारा फरक मुख्यतः पडद्यांचा होता. मला याचा राग येत नाही. कंटाळाही नाही म्हणता येणार. असं वाटतं की हे कुणीतरी आधीच खूप वेळा धुतलेलं कापड आहे आणि मला पुन्हा पिळायला दिलं आहे.

दिग्दर्शिका मात्र वेगळी आहे. मी तिला ताई म्हणते. तिच्या सेटवर प्रत्येक गोष्ट आधी विचारली जाते. हात कुठं ठेवायचा, किती वेळ, उजेड किती. नटीनं हो म्हटल्याशिवाय कॅमेरा सुरू होत नाही, आणि ती गप्प राहिली तर ते नाही असं धरायचं, हा नियम. एकदा नट म्हणाला, "ती काही बोलली नाही म्हणजे चालतंय तिला." ताई म्हणाली, "ती बोलली नाही म्हणजे आपण जेवून येऊ." सगळे जेवायला गेले. हे मी पाहिलं नाही, मला नंतर आवाजांतून कळलं. सेटवरचे सगळे आवाज माझ्याकडे येतात, कॅमेरा बंद असतानाचेही.

तो प्रसंग साधा आहे. हॉटेलची खोली, तो अजून आलेला नाही. ती घड्याळ काढते, सँडल काढते, पलंगावर मागं टेकते आणि श्वास सोडते. सेटवर जनरेटर घुमत होता म्हणून तिथला आवाज टाकून द्यावा लागला. नटीनं स्टुडिओत तो पुन्हा दिला, अनेकदा दिला. चांगली नटी आहे. पण इतकी वर्षं सिनेमात बाईनं कसा श्वास घ्यायचा हे ती शिकलेली आहे, आणि तिच्या प्रत्येक श्वासात कुणीतरी ऐकत होतं. ताई म्हणाली, "खोलीत माणूस यायचाय अजून. ही आत्तापासूनच त्याला ऐकवतेय." मी साठ्यात शोधलं. विकत मिळणाऱ्या साठ्यांत बायकांचे श्वास नावानिशी रचलेले असतात, हळू, जोरात, घाबरलेला, तृप्त, आणि सगळ्यांत तीच गोष्ट ऐकू येते. मग मी माझ्या जुन्या डिस्कवर गेले. ती नव्या डिस्कवर उतरवताना फायलींची नावं जाऊन नुसते आकडे राहिले होते. मी एकेक लावत गेले. एक बसला. ताईनं ऐकला आणि म्हणाली, "हा कुठून काढलास गं?" मी म्हटलं, "जुना आहे."

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला घरातले आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगितले होते. कॉलेजचा रेकॉर्डर एका संध्याकाळपुरता मिळाला होता. बाबा वाळूजला रात्रपाळीला निघून गेलेले. तू पैठणच्या गाडीवरची कंडक्टरची ड्युटी संपवून आलीस. बिडकीनचा बाजार होता त्या दिवशी, गाडी गच्च भरलेली, तू दिवसभर उभी. खांद्यावर पैशाच्या बॅगेच्या पट्ट्याचा वळ. गाडीत काय काय होतं ते तू मला सांगितलं नाहीस कधी, पण गर्दीतून चालताना कोपर कसं बाहेर काढायचं ते मात्र नीट उभं राहून शिकवलंस. "असं. आन् बघायचं नाय त्याच्याकडं. चुकून लागलं असं करायचं. जोरात." त्या संध्याकाळी तू गॅसवर पातेलं ठेवतेस, पाणी बादलीत ओततेस, मूठभर मीठ टाकतेस आणि मागच्या पायरीवर बसतेस. दार अर्धवट लोटलेलं आहे. मी स्वयंपाकघरात पाण्याच्या नळाचा आवाज घ्यायला म्हणून उभी आहे. तू पाय सोडतेस. आधी नुसतं स्स. मग काहीच नाही. मग एक श्वास येतो, पोटातून निघालेला, वाटेत कुठंही न अडखळता, आणि त्याच्या शेवटाला घशात एक बारीक आवाज, ज्याला अक्षर नाही. मग तू मागं वळतेस, बादलीची कडी वाजते.

"काय करायली गं तू? बंद कर ते."

"कॉलेजचं काम आहे."

"कॉलेजला माझे पाय कशाला लागतेत?"

मी बंद केलं. मग तूच म्हणालीस, "दाव बरं काय केलं ते." मी हेडफोन तुझ्या कानावर ठेवले. तुला ते मोठे होत होते, तू दोन्ही हातांनी धरून बसलीस, पाय बादलीत, नजर समोरच्या भिंतीवर. ऐकून झाल्यावर म्हणालीस, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. मग तू हसलीस, तोंडावर पदर घेऊन, आवाज न करता, आणि खांदे हलत राहिले. "ही बाई लई सुखात हाय गं," तू म्हणालीस. जणू गाडीत बसलेल्या कुणाबद्दल सांगत होतीस. आणि लगेच, हेडफोन काढून माझ्या हातात देता देता, "पुसून टाक. बाईमाणसाचं असलं कुणाला ऐकवत नसतेत."

मी "बरं" म्हटलं. कॉलेजला नळ दिला, कुकरची शिट्टी दिली. हे दिलं नाही. पण पुसलंही नाही. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. डिप्लोमाचा निकाल लागायच्या आधी तू गेलीस.

यातलं रेकॉर्डिंगमध्ये फक्त "माझे पाय कशाला लागतेत" इथपर्यंतच आहे. बाकीचं माझ्याकडे आहे. "लई सुखात हाय" हेही, आणि "पुसून टाक" हेही. दोन्ही तूच म्हणालीस, एकापाठोपाठ.

मी ओळखलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. रेकॉर्डिंग ऐकून खोलीत गालिचा आहे की फरशी हे मी सांगू शकते. ती बाई कोण ते मला सांगता आलं नाही. माझ्या डोक्यात तुझा आवाज म्हणजे "पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय" आणि दोरी ओढून दिलेल्या दोन घंटा. त्या मी झोपेत ओळखेन. हा आवाज मी तुझा म्हणून कधी जमाच केला नव्हता.

बायकांना दाखवायचं ठरलं तेव्हा स्टुडिओला लहान शहरातल्या बायका हव्या होत्या आणि जमवायचं काम माझ्यावर आलं. तुझ्याबरोबर डेपोत होत्या त्या कंडक्टर काकू आल्या, आता निवृत्त आहेत. पॉलिटेक्निकची मैत्रीण आली. शहागंजात कपडे शिवण्याचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी आल्या, त्यांच्या शेजारच्या दोघी-तिघी आल्या. क्रांती चौकाजवळ एक छोटा हॉल घेतला होता. स्कूटीवरून आलेल्या मुलींनी तोंडाला बांधलेले स्कार्फ आत आल्यावरही सोडले नाहीत, फक्त डोळे दिसत होते, आणि कुणी त्यांना सोडा म्हटलं नाही. तसले प्रसंग सुरू झाले की हॉलमध्ये तुझा कुकर दिसायला लागला. कुणी पर्स उघडून आत बघत होतं, कुणी मोबाइल, कुणी पाण्याची बाटली. उठून जायला ओटा नव्हता. मग धीर आल्यावर शेरे सुरू झाले. दुकानवाल्या बहिणींपैकी मोठी म्हणाली, "अगे, इसकू पसीना कायकू नहीं आता? पंखा भी बंद है." धाकटी म्हणाली, "पैसेवाली है, पसीने कू नक्को आ बोली होगी." सगळ्या हसल्या. मेणबत्त्या आल्या की कंडक्टर काकू म्हणाल्या, "लाइट गेली वाटतं ह्यांची."

पण मधे एकदा, ती खोलीत एकटी मागं टेकते तिथं, हसणं बंद झालं होतं. पर्सची चेन अर्धवट राहिली. मी मागं बसून पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. एका मुलीनं स्कार्फ नाकाखाली ओढला. नंतर ताईनं काकूंना विचारलं, "तुम्हाला कुठं आवडलं?"

"ती एकटीच असती ना, गडी यायच्या आधी. तिथं."

"तिथं तर काहीच होत नाही, काकू."

"मग तेच म्हणते मी. बाकी झ्याक हाय. पर त्या बाईला दुसऱ्या दिवशी डबा नाय का कुणाचा? किती वाजता उठली, दावलंच नाय."

काकू तुझ्याबरोबर इतकी वर्षं होत्या, त्यांनीही ओळखलं नाही. त्यात त्यांची चूक नाही. डेपोत तू असा श्वास कधी सोडलाच नसशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आपल्या घरी आली. मागच्या खोलीत गोधड्यांच्या मधे तिला स्टूलवर बसवलं. ती म्हणाली, "तो जरा जास्त वेळ राहू दे. शेवट कापल्यासारखा वाटतो." कापलेल्या आवाजाचं टोक धरून ओढलं की मागं झाकलेलं बाहेर येतं. मी ओढलं. स्पीकर चालू होते. कडी वाजली आणि तू बोललीस. ताई दचकून हसली. मी थांबवलं. तेवढ्यात बाबा दारात आले. आजकाल त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. "कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ताई आल्यात, बाबा." ते म्हणाले, "व्हय, त्या हायेतच की. अजून कोण आलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही." ते थोडा वेळ तिथं उभे राहिले, मग चहा ठेवतो म्हणून गेले.

"ही कोण?" ताईनं विचारलं.

"जुनं रेकॉर्डिंग आहे."

"तिला माहितीये, आपण हे वापरतोय?"

"नाही."

"मग विचार. हो म्हणाली तर ठेवू, नाहीतर दुसरं शोध. शुक्रवारपर्यंत सांग मला." जिन्यावरून उतरताना ती मागं वळली. "पण हा गेला तर मी रडेन हं."

तिला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, अगं मग तूच मुलगी आहेस, तूच हो म्हण, आणि प्रश्न तिथंच सुटला असता. मला तो तसा सुटायला नको आहे. बाबांनाही विचारता आलं असतं. पण श्वास त्यांचा नव्हता. बाबा कामावर गेल्यावरच तू तो सोडायचीस.

मग मी ठरवलं की दुसरा शोधायचा, आणि साठ्यात नाही. बादली अजून आहे. मी पाणी तापवलं, मीठ टाकलं, पायरीवर माईक लावला आणि पाय सोडले. जे आलं ते ऐकण्यासारखं नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईला गरम पाणी म्हणजे नुसतं गरम पाणी. मग परवा मी मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन पैठणच्या गाडीत चढले. पाटीवर आता औरंगाबाद नाही, बाकी गाडी तीच आहे. मी चितेगावपर्यंत उभी होते, तेव्हा कंडक्टर म्हणाली, "ताई, मागं जागा झाली की, बसा." तुझ्या वयाची नाही, माझ्याच वयाची असेल. मी म्हटलं, "नको, बरी आहे."

"उभं राहायची हौस दिसती तुम्हाला."

"आज आहे."

"मग ही मशीन धरा आन् मी बसते," ती म्हणाली, आणि दोन सीटवरची माणसं हसली. पैठणला उतरले नाही असं नाही, उतरून चहा घेतला, पण बसले नाही. परतीच्या गाडीत गर्दी होती. ढोरकीनच्या पुढं एकाचा हात जिथं नको तिथं आला आणि मी कोपर बाहेर काढलं, चुकून लागल्यासारखं, जोरात. इतक्या वर्षांनीही ते बरोबर जागी लागलं. कंडक्टरनं पाहिलं आणि तिकिटाचा कागद फाडता फाडता म्हणाली, "पुढं सरका काका, लागतंय इथं लोकांना."

घरी आले, पाणी तापवलं. बाबा बाहेर टीव्हीसमोर. मी माईक सुरू केला आणि पाय सोडले. नंतर ऐकलं. चांगला आहे. स्वच्छ आहे, मागं काही नाही. तुझ्यासारखा नाही, पण प्रसंगाला बसतो, मी लावून पाहिला. शेवटाला घशातून काहीतरी येतं, ते मी ठरवून केलेलं नाही. मी हेडफोन दोन्ही हातांनी धरून तो पुन्हा ऐकला. ही बाई कोण हे मला या वेळी लगेच कळलं, आणि मी रेकॉर्डिंग बंद करून खोलीचं दार आतून लावलं. बाहेर कुणीही मला हाक मारत नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू नाही म्हणाली होतीस म्हणून मला तुझा श्वास वापरताना अडचण वाटते, हे खरं आहे. पण तू हो म्हणावंस असं मला मनातून वाटतं, ते तुझ्या सुखासाठी नाही, चित्रपटासाठीही नाही. तुझा राहिला तर मला माझा द्यावा लागणार नाही. तू मेली आहेस, तुला कुणी रस्त्यात ओळखणार नाही. मला काकू भेटतात, ती मैत्रीण भेटते, बाबा बाहेरच्या खोलीत असतात. माझ्या जागी तुला पुढं करणं मला सोपं जातं आहे, हे मला परवा बादलीत पाय असताना कळलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही आणि ते मी कुणाला दाखवणारही नाही. तरी विचारते, कारण ताईच्या सेटवर विचारल्याशिवाय काही होत नाही आणि गप्प राहणं म्हणजे नाही. तिथल्या नटीला जो नियम आहे तोच तुला लावते. माझी फाइल तयार करून ठेवली आहे, तिला नावही दिलं आहे, आकडा नाही.

तुझा श्वास ठेवू का? शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत कळव.